गाडी कोणासाठी थांबते?

रेल्वेचा इतिहास आपल्याकडे मुख्यतः दोन बाजूंनी लिहिला गेला आहे. एक साहेबाच्या बाजूने. अमुक साली रूळ पडले, अमुक साली बोगदा फुटला, अमुक साली वीज आली. दुसरा राष्ट्रवाद्यांच्या बाजूने. इंग्रजाने रेल्वे आणली ती कापूस बंदरात न्यायला आणि फौजा हलवायला. दोन्ही इतिहासांत गाडी धावत असते. ती कोठे थांबते, कोणासाठी थांबते आणि एखाद्या दिवसापासून थांबायची बंद का होते, हे प्रश्न त्यांत सहसा येत नाहीत. गाडीत बसलेल्याला ते पडायचे कारणही नाही. ते पडतात फलाटावर उभे असलेल्याला. मी फलाटावरचा माणूस आहे.

माझे वडील गँगमन होते. मुंबईकडे येणाऱ्या एका मार्गावर, लोकलच्या हद्दीत नव्यानेच आलेल्या एका लहान स्टेशनाला लागून गँगची चाळ होती. तिच्यात मी वाढलो. स्टेशनाचे आणि मार्गाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. अशी स्टेशने पुष्कळ आहेत, आणि कोणा एका बाबूवर ठपका ठेवण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. पहाटे लांबून येणारी एक पॅसेंजर आमच्याकडे दोन मिनिटे उभी राही. त्या दोन मिनिटांवर आमची वस्ती जगत होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आमच्या बौद्धवाड्यातल्या आणि पलीकडच्या कातकरी वाडीतल्या बाया त्या गाडीने बाजाराला जात. उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे, पावसाळ्यात रानभाज्या, दिवाळीनंतर गवताचे भारे, नंतर सरपण. माझी आई त्यांच्यातली एक. मी त्याच गाडीने कॉलेजला जाई. गाडीला गार्डाच्या डब्याला लागून एक डबा अर्धा रिकामाच असे, तिथे भारे टाकले जात. बाया दारात बसत आणि उजाडेपर्यंत डुलक्या घेत.

१९७० नंतरच्या एका वेळापत्रकात ही दोन मिनिटे नाहीशी झाली. गाडी चालूच राहिली, फक्त आमच्याकडे थांबेना. स्टेशनात विचारले तर उत्तर मिळाले, तुम्हाला आता लोकल आहे ना? लोकल होती हे खरेच. पण ती येई तेव्हा बाजार भरून अर्धा झालेला असे. शिवाय लोकलमध्ये भारा घेऊन चढणे म्हणजे काय, ते चढलेल्यालाच ठाऊक. तिच्या मालडब्यात दूधवाल्यांनी आणि मासळीवाल्यांनी आपापल्या जागा आधीच धरलेल्या. साध्या डब्यात पाटी घेतली की कचेरीला निघालेल्या माणसांच्या शिव्या. गवताचा भारा तर दारातूनच परत. दोन वर्षांत बायांचा बाजार मोडला. काही वीटभट्टीवर गेल्या, काही शहरात धुणीभांडी करू लागल्या. आई पुढे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

मी त्या वेळी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि अर्ज लिहिला की न्याय मिळतो अशी माझी समजूत होती. ३१ अंगठे घेऊन मी अर्ज पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आले. या स्टेशनावरून सदर गाडीची तिकीटविक्री इतकी अल्प आहे की थांबा देणे समर्थनीय ठरत नाही, असा त्याचा भावार्थ होता. मी संतापलो. वडील मात्र हसले. म्हणाले, "अरे, तिकीट काढतंय कोण?" खरे सांगायचे तर निम्म्याहून अधिक बाया तिकीट काढत नसत. एखादी पसाभर करवंदे देऊन सुटे, एखादी गयावया करून सुटे. जिच्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा तिकिटातच जायचा, तिने तिकीट काढले नाही. तिकीट काढले नाही म्हणून ती मोजली गेली नाही. मोजली गेली नाही म्हणून गाडी थांबली नाही. यात खोटे कोणीच बोलले नव्हते. ही गोष्ट मला आजवर छळत आली आहे, आणि पुढे मास्तरकी करताना रेल्वेचा जो इतिहास मी गोळा करीत गेलो तो हिच्यामुळेच.

त्या इतिहासातून पहिली गोष्ट मला कळली ती ही, की आमचे थांबे मुळात आमचे नव्हतेच.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले, १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी. तेव्हापासून पुढची पाऊणशे वर्षे गाडी कोठे थांबायची हे माणसाने कमी आणि इंजिनाने अधिक ठरवले. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, कोळसा लागे, राख काढावी लागे. ठरावीक अंतरावर त्याला उभे राहणे भाग होते. जिथे पाण्याची टाकी तिथे स्टेशन, जिथे स्टेशन तिथे फलाट, आणि फलाट आहे तर दोन माणसे चढणारच. इंजिनाची तहान भागेपर्यंत जो चढला तो गेला. खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ स्टेशनांना मेल-पॅसेंजरचे थांबे मिळाले ते असे. आपण समजत होतो की गाडी आपल्यासाठी थांबते.

बोरघाटाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. १८६३ मध्ये हा घाट रेल्वेला खुला झाला. पावणेसोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, सदतिसास एक असा चढ. जेम्स बर्कले हा अभियंता त्यामुळे अजरामर झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये काम सुरू होताच मेला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला, याचेही कौतुक लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. पण ज्या हजारो मजुरांनी तो कातळ फोडला त्यांच्यातल्या कितींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? पटकीने आणि सुरुंगाने जे मेले त्यांची धड मोजदादही झाली नाही. १८५९ च्या आरंभी मजुरी थकली म्हणून याच घाटात मजुरांनी दंगा केला होता. आपल्या कामगार चळवळीच्या पुस्तकांत त्याला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत.

या घाटामुळे कर्जत स्टेशन मोठे झाले. चढणीवर गाडी लोटायला मागून जादा इंजिने लावावी लागतात. रेल्वेतली माणसे त्यांना बँकर म्हणतात. ती लावायला पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी कर्जतला उभी राहणार. मग कर्जतचा वडा आला, कर्जतचे फेरीवाले आले, आसपासच्या वाड्यांतून माणसे येऊन गाडी पकडू लागली. कर्जतला अमुक इतक्या गाड्या थांबतात असा अभिमान तिथल्या लोकांत मी ऐकला आहे. थांबत होत्या त्या बँकरसाठी. पुढे या गोष्टीचा कसा प्रत्यय आला ते क्रमाने येईल.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेची लोकल व्हीटीहून कुर्ल्यापर्यंत धावली. १९२९ च्या सुमारास वीज पुण्यापर्यंत गेली. विजेच्या इंजिनाला तहान नाही. ते न थांबता घाटाच्या पायथ्याशी येऊ शकते. आणि नेमक्या याच वेळी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी सुरू झाली. मुंबईहून पुण्याच्या शर्यतींना आणि शनिवार-रविवारच्या विश्रांतीला जाणारा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून ही गाडी काढली होती. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या. एक रुपेरी, एक निळी. डबे फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. तिसऱ्या वर्गाचा डबा या गाडीला पहिल्यांदा लागला तो १९५५ च्या जून महिन्यात. म्हणजे २५ वर्षे. स्वातंत्र्य मिळाले, घटना आली, अस्पृश्यता कायद्याने गेली, तरी आणखी काही वर्षे या गाडीत तिसऱ्या वर्गाचा माणूस बसू शकत नव्हता. १९४९ मध्ये तिचा पहिला वर्ग काढून दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. १९७४ मध्ये देशभर तिसऱ्या वर्गाचे नाव दुसरा वर्ग झाले. पाट्या बदलण्यात आपल्या देशाचा हात कोणी धरू नये.

दख्खनची राणी हे जलद गाडीचे प्रारूप ठरले. जलद गाडी म्हणजे मधली स्टेशने वगळणारी गाडी. वेग वाढवण्याचे दोन मार्ग असतात. रूळ, सिग्नल आणि इंजिन सुधारणे हा एक, आणि थांबे कापणे हा दुसरा. दुसरा स्वस्त आहे. त्याला लागतो फक्त वेळापत्रकावर फिरवायचा एक तांबडा पेन्सिलीचा तुकडा. पुढे 'सुपरफास्ट' नावाचा वर्ग निघाला. ब्रॉडगेजवर सरासरी ताशी ५५ किलोमीटर भरले की गाडी सुपरफास्ट आणि तिकिटावर जादा आकार. अशा रचनेत प्रत्येक लहान थांबा म्हणजे सरासरीला लागलेले गळके भोक. ते बुजवायची घाई होणारच.

इथे विरोधी बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. आमच्या कार्यकर्त्यांना तांत्रिक कारण म्हटले की बनवाबनवी वाटते, आणि मग आपण वाद हरतो. लोकल ही थांबण्यासाठीच बांधलेली गाडी आहे. रुंद दारे, फलाटाला जवळजवळ सपाट पाऊल, वीस-तीस सेकंदांत चढउतार, सुटल्यासरशी वेग. लांब पल्ल्याची गाडी वीस-चोवीस डब्यांची, अरुंद दारांची, आत ट्रंका आणि बोचकी. ती थांबायला वेळ घेते आणि वेग घ्यायला त्याहून अधिक. कागदावरचा दोन मिनिटांचा थांबा रुळावर पाच-सहा मिनिटांचा होतो. त्याच रुळावर मागून चार मिनिटांच्या अंतराने लोकल येत असेल तर ती अडते, तिच्यामागची अडते, आणि सकाळच्या गर्दीत हा गुंता दुपारपर्यंत सुटत नाही. कल्याणपर्यंत निदान चार रूळ आहेत. कल्याणपुढे कर्जतच्या बाजूला कित्येक दशके दोनच रूळ राहिले, आणि त्याच दोन रुळांवर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरे वाढली. शिवाय उपनगरी फलाट लोकलच्या लांबीचे. चोवीस डब्यांची गाडी उभी केली तर मागचे डबे खडीवर उभे राहतात. आणि मागचे-पुढचे डबे बहुधा जनरल असतात, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

हे सारे मान्य. पण त्यातून निष्पन्न काय होते? रूळ कमी पडतात तेव्हा कोणाची मिनिटे कोणाला द्यायची, हा प्रश्न निष्पन्न होतो. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही. कोणाच्या मिनिटाला किती किंमत, हे ज्याने त्याने आधीच ठरवलेले असते आणि यंत्रशास्त्र मागाहून साक्षीला बोलावले जाते.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही, म्हणून बाबासाहेबांच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली १९०१ ची. ती त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. कपडे चांगले, तिकिटे काढलेली. स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या अटीवर ती मुले निघाली. मसूरला थांबा होता. त्यांच्यासाठी गाडी थांबली होती. गाडी थांबण्याने प्रश्न संपतो असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

दुसरी गोष्ट फेब्रुवारी १९३८ ची, मनमाडची. जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत हे त्यांचे प्रतिपादन या परिषदेतलेच, आणि तेवढेच आपण व्यासपीठांवर घोकतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा बारकाईने हिशेब मांडला होता. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, त्याला मुकादम करत नाहीत. त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर आपल्या घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घेता येत नाही. कारखान्यात तो खलाशी होतो, मिस्त्री होत नाही. हे वाचताना मला वडील दिसतात. रूळ त्याच्या हातात, फलाट दुसऱ्याच्या. पोर्टर हा फलाटावरचा माणूस. स्टेशनातली मिनिटे कशी खर्च व्हावीत, गार्डाला हात कधी दाखवावा, चढणाऱ्या बाईसाठी गाडी अर्धा मिनिट अधिक धरावी की नाही, हे फलाटावर ठरते. त्या जागेवर आपला माणूस पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. वडील रोज रुळाच्या चाव्या ठोकत पाच-सहा किलोमीटर चालत. मेल येताना दिसली की बाजूला होऊन उभे राहत, ती जाऊ देत, आणि पुन्हा ठोकू लागत. ती ज्या रुळावरून न थांबता जाई तो रूळ नीट ठेवणे हेच त्यांचे काम होते.

अलीकडच्या काळात थांबे जाण्याच्या तऱ्हा बदलल्या आहेत. पूर्वी वेळापत्रकातून स्टेशनाचे नाव जाई. आता नाव जावे लागत नाही. गाडीच दुसऱ्या ठिकाणी नेली जाते. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पुष्कळ गाड्या कुर्ल्याच्या टर्मिनसवर संपू लागल्या. डोक्यावर बोचके घेतलेला मजूर तिथून कुर्ला किंवा टिळकनगर स्टेशनाकडे पायपीट करताना कोणत्याही रात्री दिसेल. दुसरी तऱ्हा काँक्रीटची. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी पाचवा आणि सहावा असे वेगळे मार्ग टाकले गेले. ठाणे ते दिवा हा टप्पा फेब्रुवारी २०२२ मध्ये पुरा झाला. लोकलची वाट मोकळी व्हावी हा हेतू चांगलाच आहे. पण या मार्गांना मधल्या बहुतेक स्टेशनांवर फलाटच नाहीत. वेळापत्रकाविरुद्ध अर्ज करता येतो. जिथे फलाटच बांधला नाही तिथे कशाचा अर्ज करणार?

तिसरी तऱ्हा इंजिनाची. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत, तिला घाटात बँकर लागत नाही. दादर, कल्याण, मग एकदम पुणे. कर्जतला तिला थांबा ठेवला नाही. १६० वर्षे प्रत्येक गाडी उभी राहणाऱ्या स्टेशनातून गाडी न थांबता घाट चढली. बँकरचा थांबा बँकरबरोबर गेला.

चौथी तऱ्हा टाळेबंदीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा 'विशेष' या नावाने, आधी फक्त आरक्षणावर. जनरल तिकीट कित्येक महिने नव्हतेच. पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचे भाडे लागले, किमान १० रुपयांचे ३० रुपये झाले आणि ते २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत राहिले. याच उलथापालथीत असंख्य लहान थांबे गळाले. रोगाच्या भीतीने जे तात्पुरते काढले गेले ते परत द्यायचे तर पुन्हा उत्पन्नाचा पुरावा हवा, आणि न थांबणाऱ्या गाडीचे उत्पन्न कोठून दाखवणार? रत्नागिरीहून दादरला येणारी पॅसेंजर टाळेबंदीनंतर दिव्यापर्यंतच येऊ लागली. नकाशावर हा फरक बोटाच्या पेराएवढा आहे. पण नायगावच्या आणि वरळीच्या बीडीडी चाळींत कोकणातल्या बौद्धांच्या तीन-चार पिढ्या गेल्या. गिरणी, गोदी आणि म्युन्सिपालटी या तीन ठिकाणी राबलेली ही माणसे. त्यांची गावाकडची वाट म्हणजे दादर. मे महिन्यात म्हातारी आई, दोन पोरे, आंब्याची पेटी आणि तांदळाची गोणी घेऊन दिव्याला उतरायचे आणि तिथून लोकलमध्ये शिरायचे, ही गोष्ट ज्याने वेळापत्रक आखले त्याने एकदा करून पाहायला हरकत नव्हती. पुढची वर्षे दादरची मागणी होत राहिली.

दिव्याचेही ऐकावे. तिथे थांबण्यासाठी माणसांना रुळावर उतरावे लागले. २ जानेवारी २०१५ ला लोकल रखडल्या आणि दिव्यात उद्रेक झाला, दगडफेक झाली, जाळपोळ झाली. त्यानंतर दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, डिसेंबर २०१६ मध्ये, जलद लोकल दिव्याला थांबू लागली. माझ्या ३१ अंगठ्यांच्या अर्जाला जे जमले नाही ते दगडाला जमले. दगडाची ही शिफारस नव्हे. कोणत्या भाषेतले निवेदन लवकर वाचले जाते, एवढेच मी नोंदवतो. आणि थांबा मिळून तरी काय? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारांत लटकलेली माणसे खाली पडली, चार जण त्याच दिवशी गेले. भरून आलेली गाडी थांबली तरी तिच्यात जागा नसते.

आता जे सांगतो ते आमच्या काही मित्रांना आवडणार नाही. उपनगरी प्रवासी संघटना मागणी करतात की प्रत्येक एक्सप्रेस आमच्याकडे थांबवा. मीही एके काळी अशा मोर्च्यात होतो. एकदा सोलापूरकडून येणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात मी मुंबईला येत होतो. पहाटेच्या थांब्यावर पासवाले घुसले. रात्रभर पायखान्याच्या दाराशी बसून आलेल्या एका उसतोड कुटुंबाला त्यांनी उठवून उभे केले. बाईच्या मांडीवर मूल होते. उठवणाऱ्यांत गळ्यात निळा रुमाल असलेला एक तरुण होता. तो सफाई खात्यात पहिल्या पाळीला निघाला होता, वेळेवर पोचला नाही तर त्याचा खाडा. उठलेली बाई मातंग समाजाची, बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून असेच जनरल डबे भरून माणसे मुंबईला आली होती, आणि त्यांचीच नातवंडे आज बदलापूर, दिवा, कळव्यातून पास काढतात. लांब पल्ल्याच्या गाड्या उपनगरांत थांबवू नयेत याचे समर्थन करताना हीच गर्दी दाखवली जाते, लांबच्या प्रवाशाला त्रास होतो म्हणून. खरेच होतो. पण त्या गाडीला जनरल डबे होते अवघे दोन-तीन. बाकीचे अठरा-वीस डबे आरक्षणाचे, त्यांच्या दारांना आतून कड्या. भांडण लावले गेले ते त्या दोन-तीन डब्यांत, आपल्याच दोन माणसांत. थांबा मागायचा की डबे मागायचे, याचा निकाल आपण एकदा लावला पाहिजे. माझे मत डब्यांच्या बाजूने झुकत चालले आहे. जनरल डबे दुप्पट असतील तर थांब्याचा अर्धा वाद आपोआप मिटतो, असे मला वाटते. यावर कोणी लिहिले तर मला हवे आहे.

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र ही व्यवस्था वाकते. ६ डिसेंबरला नागपूरकडून विनाआरक्षणाच्या विशेष गाड्या सोडल्या जातात, दादरला फलाट मोकळे ठेवले जातात, पिण्याचे पाणी ठेवले जाते. एरवी 'समर्थनीय ठरत नाही' असे ज्यांच्याविषयी लिहून येते तीच माणसे लाखोंनी उतरतात आणि रात्री परत जातात. तेव्हा रूळ पुरतात, इंजिने मिळतात, मिनिटेही निघतात. दादर पूर्वेला स्टेशनापासून चालत जाता येईल अशा अंतरावर राजगृह आहे, पश्चिमेला चैत्यभूमी. या एका स्टेशनाच्या दोन बाजूंना मोजल्याशिवाय भागत नाही इतकी आपली गर्दी असते. बाकीचे ३६० दिवस ती गर्दी सुटी सुटी होऊन लहान स्टेशनांवर उभी असते.

गेल्या वर्षी मी आमच्या जुन्या स्टेशनावर गेलो होतो. गँगची चाळ पडली आहे, तिथे दुचाक्या लागतात. शेजारच्या शाळेतल्या दोन शिक्षकांनी आणि दहावीच्या काही मुलांनी आठवडाभर पहाटे चार ते सहा या वेळात फलाटावर उभे राहून माणसे मोजायची असे ठरवले होते. तिकीट आहे की नाही हे विचारायचे नाही. नाव, गाव, कुठे जायचे, कशाला जायचे, एवढे वहीत टिपायचे. एक म्हातारी पाटी घेऊन बाकाच्या कडेला टेकली होती. माझ्या आईबरोबर बाजाराला जाणाऱ्या बायांतली ती शेवटची. मुलाने वही पुढे केली तशी म्हणाली, "नाव काय लिवतोस रं माजं? डुईवर किती हाय ते लिव."

मुलांनी वहीत एक रकाना वाढवला.